उपग्रहाला ढग दिसतो, मग मॉडेलला पाऊस का दिसत नाही? (मराठवाड्यापुरता धागा)

मांजराकाठ | रविवार, रात्री ९:४०

गप्पांच्या धाग्यावर मागच्या आठवड्यात पावसाच्या अंदाजांवरून बरीच जुंपली होती. "वर एवढे उपग्रह फिरतायत, मोबाईलवर ढगांचं ताजं चित्र येतं, आणि तरी उद्या औशाला पाऊस पडेल का निलंग्याला हे सांगता येत नाही?" असा एकूण सूर. प्रश्न रास्त आहे. माझं रोजचं काम प्रादेशिक हवामान मॉडेल चालवण्याचं, म्हणजे एका प्रदेशाच्या हवेचं गणित संगणकावर मांडून अंदाज काढण्याचं. तिथेच उत्तर टंकायला घेतलं, ते लांबत गेलं, म्हणून हा वेगळा धागा.

मोबाईलवर आपण बघतो ते मुख्यतः इन्सॅट-३डीआर आणि इन्सॅट-३डीएस या आपल्या दोन हवामान उपग्रहांचं चित्र. पहिला ८ सप्टेंबर २०१६ रोजी सुटला, दुसरा १७ फेब्रुवारी २०२४ रोजी. दोघेही विषुववृत्ताच्या वर ३६,००० किलोमीटरवर, पृथ्वीच्या फिरण्याच्याच चालीने फिरणारे, त्यामुळे आपला मुलूख कायम त्यांच्या नजरेखाली. दृश्य प्रकाशातलं चित्र १ किलोमीटर बारकाव्याचं, उष्णतेच्या अवरक्त पट्ट्यातलं ४ किलोमीटरचं, बाष्पाच्या पट्ट्यातलं ८ किलोमीटरचं. एका उपग्रहाला एक चित्र पुरं करायला अर्धा तास लागतो. दोघांच्या वेळा पुढेमागे ठेवल्या की पाव तासाला नवं चित्र हाती येतं.

मॉडेलला चित्राचा थेट उपयोग नाही. ते सगळा मुलूख छोट्या चौकटींत कापतं, आणि त्याला हवं असतं ते वेगळंच: प्रत्येक चौकटीत, जमिनीपासून वर प्रत्येक थरात तापमान किती, बाष्प किती, वारा कुठून कुठे, दाब किती. यातलं काहीच उपग्रह मोजत नाही. तो मोजतो खालून वर येणारं प्रारण (प्रकाश, उष्णता, सूक्ष्मलहरी), बस. म्हणून गणित उलट्या बाजूने करतात. मॉडेलमध्ये आत्ता जी हवा आहे ती खरी असती तर उपग्रहाला किती प्रारण दिसलं असतं हे काढायचं, खऱ्या मोजणीशी ताडायचं, आणि जो फरक येईल त्याच्या हिशेबाने मॉडेलची हवा दुरुस्त करायची. यालाच डेटा असिमिलेशन म्हणतात. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर मॉडेलचा आधीचा अंदाज ही नजर आणेवारी आणि उपग्रहाची मोजणी हा पीक कापणी प्रयोग. दोन्हींत चूक असते. कुणात किती चूक असू शकते ते लक्षात घेऊन मधला आकडा धरायचा. जगातल्या मोठ्या मॉडेलांत आत जाणाऱ्या निरीक्षणांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त उपग्रहांचीच असतात. तेव्हा "उपग्रह वापरत नाहीत" हा आक्षेप तरी बाजूला ठेवू.

खरी अडचण मराठवाड्याची आहे, आणि ती तीन पदरी आहे.

पहिली, जमीन. अवरक्त किरण ढगातून आरपार येत नाहीत. म्हणजे जिथे ढग, तिथे खालची हवा झाकलेली. आणि पावसाच्या दिवशी नेमकं ढगाखालचंच कळायला हवं असतं. सूक्ष्मलहरी (मायक्रोवेव्ह) ढगातून बऱ्याच पार येतात, पण त्यांना जमिनीचा त्रास. समुद्राचा पृष्ठभाग सूक्ष्मलहरींना एकसारखा आणि थंड दिसतो, त्यावरचं बाष्प उठून दिसतं. जमीन स्वतःच जोरात प्रारण सोडते, आणि ते किती सोडते हे ओल, पीक, नांगरट यावर रोज बदलतं. आपली काळी जमीन जूनच्या पहिल्या पावसाआधी आणि नंतर, सूक्ष्मलहरींच्या दृष्टीने दोन वेगळ्या जमिनी आहेत. मग काय होतं, तर जमिनीलगतच्या दीड-दोन किलोमीटरची माहिती देणारे पट्टे जमिनीवर सर्रास गाळून टाकले जातात. आणि दुपारी गडगडाटी ढग उठणार की नाही, हे बरंचसं त्याच दीड-दोन किलोमीटरमधलं बाष्प ठरवतं.

दुसरी, रडार. लातूर आणि नांदेड दोन्ही हैदराबादच्या रडारपासून सरळ रेषेत सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. पृथ्वी गोल असल्याने आणि शलाका (रडारने सोडलेला लहरींचा झोत) थोडी वर धरलेली असल्याने २०० किलोमीटरवर रडारची सर्वात खालची शलाकाही जमिनीपासून चार किलोमीटर उंचीवर असते. ढगाचा माथा दिसतो, बूड नाही. बीड मुंबईच्या रडारपासून तीनशे किलोमीटर. उपग्रहाची उणीव रडारने भरून काढायची असते, ती सोय मराठवाड्याच्या बऱ्याच भागाला मिळत आलेली नाही.

तिसरी गोष्ट कुणी फारशी बोलत नाही. वैजापूर ते किनवट सरळ अंतर साधारण साडेतीनशे किलोमीटर. वर मधल्या थरात ताशी ३६ किलोमीटरचा वारा असेल, आणि पावसाळ्यात तो असतोच, तर मराठवाड्यावरची सगळी हवा दहा तासांत बदलते. समजा तुम्ही पहाटे उत्तम उपग्रह माहिती वापरून फक्त मराठवाड्यावरची हवा अगदी बरोबर केलीत. संध्याकाळी पाऊस पडेल तो दुसऱ्याच हवेतून. म्हणजे लातूरचा संध्याकाळचा अंदाज सुधारायचा तर सकाळी दुरुस्ती करायची कोकणावर आणि अरबी समुद्रावर. वारा पूर्वेचा असेल तर तेलंगणावर.

एवढं लिहून थांबतो. प्रश्न विचारा.

कोरडवाहू | रविवार, रात्री १०:२२

चांगलं समजावलंत. आमचं गाव अंबाजोगाई तालुक्यात, बालाघाटाच्या वर. आम्हाला दहा दिवसांचा अंदाज कुणीही फुकट देतं, आणि तो आम्ही तसाच घेतो. नड असते ती सहा तासांची. सोयाबीन कापून पडलंय, बनीम (कापलेल्या पिकाचा ढीग) लावायची, झाकायची, का मळणीयंत्र बोलवून रातोरात उरकायचं? मजूर सकाळी सातला रोज ठरवतात. तेव्हा "दुपारनंतर तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह" या वाक्याचं मी काय करू? तुरळक म्हणजे माझं शेत का शेजाऱ्याचं?

मागच्या सुगीला एका ॲपवर दिवसभर कोरडं दाखवत होतं. चारला आभाळ भरलं, साडेचारला बनीम ओली. आणि खाली घाट उतरून गेलं की धूळ. थेंब नाही.

शंकासुर | रविवार, रात्री १०:५१

धागा माहितीपूर्ण वगैरे. पण वीस वर्षं हेच ऐकतोय. आधी कल्पना-१, मग ३डी, मग ३डीआर, मग ३डीएस. दर वेळी बातमी: आता अंदाज अचूक होणार. संभाजीनगरात माझ्या गच्चीवर बसून मी पश्चिमेकडं बघून जेवढं सांगतो तेवढंच अजून बरोबर येतं.

सरळ प्रश्न, सरळ उत्तर द्या: उपग्रहामुळे मराठवाड्याचा अंदाज सुधारला की नाही?

मांजराकाठ | रविवार, रात्री ११:३५

@शंकासुर, सरळ उत्तर: मोठ्या प्रणालींचा सुधारला, खूप सुधारला. एकट्या-दुकट्या ढगाचा फारसा नाही.

२०२१चं गुलाब चक्रीवादळ आठवा. २६ सप्टेंबरला आंध्रच्या उत्तर किनाऱ्यावर कलिंगपट्टणमजवळ जमिनीवर आलं, विरत विरत तेलंगणातून इकडे सरकलं, आणि २७-२८ला मराठवाडा धुऊन काढला. मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले. पुढे तेच उरलंसुरलं अरबी समुद्रात उतरून शाहीन झालं. ही प्रणाली कुठून कशी जाणार हे आधी सांगता आलं, कारण ती समुद्रावर जन्मली. समुद्रावर सूक्ष्मलहरी उत्तम चालतात, पृष्ठभागावरचा वारा मोजणारे उपग्रह आहेत, आणि शेकडो किलोमीटर व्यासाची गोष्ट मॉडेलच्या चौकटीत आरामात मावते.

कोरडवाहूंच्या बनिमीवर पडलेला ढग दहा किलोमीटर रुंद आणि तासाभराचं आयुष्य असलेला. आज प्रादेशिक मॉडेलं ३ किलोमीटरच्या चौकटीवर चालतात हे खरं, पण ३ किलोमीटरच्या जाळीत एखादी गोष्ट नीट आकाराला यायला सहा-सात चौकटी लागतात. म्हणजे वीस किलोमीटरच्या आतलं मॉडेल जे काही दाखवतं ते ठिकाण म्हणून वाचायचं नाही, शक्यता म्हणून वाचायचं. ॲपमध्ये मात्र तुमच्या गावाचं नाव आणि शेजारी ढगाचं चित्र येतं. तिथे फसगत होते.

मृगाची_सर | सोमवार, सकाळी ७:१२

परभणीहून. २०२४च्या पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे जो पाऊस झाला तोही बंगालच्या उपसागरातूनच आलेल्या पट्ट्याचा होता, आणि त्याचा इशारा आधी आला होता. त्यामुळे मांजराकाठ म्हणतात ते पटतं. मार्चमधली गारपीट मात्र (२०१४ची आठवतेय? ज्वारी, गहू, द्राक्षं सगळं झोपलं होतं) कुणी आदल्या दिवशी गावाच्या नावानिशी सांगितली असेल असं वाटत नाही.

मी शाळेत भूगोल शिकवते. मुलं विचारतात, बाई, ढग पांढराशुभ्र दिसतोय आपल्यावर, मग पाऊस का नाही? यावर थोडं लिहाल का?

मांजराकाठ | सोमवार, सकाळी ८:०५

अवश्य, ताई. अवरक्त चित्रात पांढरं म्हणजे थंड, थंड म्हणजे उंच. पण उंच म्हणजे पाऊस असं नाही. गडगडाटी ढगाचा माथा वर जाऊन आडवा पसरतो, ऐरणीसारखा. त्या पसरलेल्या भागाखाली बहुधा पाऊस नसतोच, तरी चित्रात तो मूळ ढगाइतकाच पांढरा. उलट घाटमाथ्यावर पुष्कळ पाऊस बुटक्या ढगांतून पडतो, त्यांचे माथे फार थंड नसतात, आणि चित्रात ते करडे दिसतात. फक्त माथ्याच्या तापमानावरून पाऊस काढायला गेलं की महाबळेश्वरला कमी आणि आपल्याकडे जास्त दाखवलं जाण्याचा धोका असतो.

आणखी एक गंमत, मुलांना नक्की आवडेल. उपग्रह विषुववृत्तावर, आपण साधारण १८ ते २० अंश उत्तरेला. तो आपल्याकडे तिरका बघतो. त्यामुळे १५ किलोमीटर उंचीचा ढगमाथा नकाशावर खऱ्या जागेपेक्षा सुमारे ६ किलोमीटर उत्तरेला उमटतो. चित्रात ढग नदीच्या उत्तर काठावर दिसतो आणि प्रत्यक्षात दक्षिण काठावर कोसळत असतो. कागदावर कोन काढून मुलांकडून हे गणित करून घेता येईल.

पायथनवाला | सोमवार, दुपारी १:१८

मूळचा सेलूचा, सध्या हैदराबाद. डब्ल्यूआरएफ मॉडेल फुकट आहे, अमेरिकेच्या जीएफएस या जागतिक मॉडेलची माहिती फुकट आहे. ऑफिसचं एक जुनं १६ कोअरचं मशीन घरी आणलंय. मराठवाड्यासाठी ३ किलोमीटरवर रोज चालवून बघायचा विचार आहे. असिमिलेशन घालावं का? की आधी साधंच?

दुसरं, आता ग्राफकास्टसारखी एआय मॉडेलं मिनिटभरात दहा दिवसांचा अंदाज काढतात म्हणे. मग या सगळ्या उठाठेवीची गरज राहते का?

शंकासुर | सोमवार, दुपारी १:४०

एआयने गच्चीवर बसून पश्चिमेकडं बघावं.

मांजराकाठ | सोमवार, रात्री ९:१५

@पायथनवाला, दुसऱ्या प्रश्नाचं आधी. ग्राफकास्ट सुरू करायला आत्ताची हवा कशी आहे हे सांगावंच लागतं, आणि ते येतं असिमिलेशनमधून. शिकवलंय तेही ईआरए५ नावाच्या जुन्या हवामानाच्या संचावर, जो स्वतः उपग्रह, फुगे, विमानं यांची निरीक्षणं मॉडेलमध्ये मुरवून बनवला. शिवाय त्याची चौकट पाव अंशाची, म्हणजे सुमारे २७-२८ किलोमीटर, आणि पावलं सहा-सहा तासांची. चक्रीवादळाच्या वाटेसाठी झकास. बनिमीसाठी नाही.

आता घरचं मॉडेल. आधी साधंच चालवा, महिनाभर. बाहेरचं क्षेत्र ९ किलोमीटरच्या चौकटींचं घ्या, अरबी समुद्रापासून बंगालच्या उपसागरापर्यंत, आत ३ किलोमीटरच्या चौकटींचं. फक्त मराठवाड्यापुरतं क्षेत्र घेऊन बसू नका. वर लिहिलंय तसं, दहा तासांत सगळी हवा बाहेरून येते. ती येणार कडांवरून, जीएफएसची, मग तुमचं मॉडेल म्हणजे जीएफएसची महागडी नक्कल.

साधं चालवलंत की एक गोष्ट दिसेल. सुरुवातीच्या पाच-सहा तासांत मॉडेल पाऊस नीट पाडतच नाही. जीएफएसची हवा जाड चौकटीची, तिच्यात ३ किलोमीटरचे ढग नसतातच. ते मॉडेलला शून्यातून घडवायला वेळ लागतो. आणि कोरडवाहूंना हवे ते नेमके पहिले सहा तास! म्हणजे साधं प्रादेशिक मॉडेल सर्वात कमी भरवशाचं तिथेच, जिथे त्याची गरज सर्वात जास्त.

यावरचा उपाय म्हणजे मॉडेल दर वेळी नव्याने सुरू करायचंच नाही. दर तासाला किंवा तीन तासांना मागच्याच धावेची हवा घ्यायची, नवीन निरीक्षणांनी दुरुस्त करायची, पुढे पळवायची. ढग मॉडेलमध्ये आधीच घडलेले असतात, ते थोडे सरकवावे, वाढवावे, मारावे लागतात. अमेरिकेत एचआरआरआर नावाचं ३ किलोमीटरचं मॉडेल २०१४पासून दर तासाला असंच चालतं. पण त्यांचा मोठा आधार दाट रडारचा. रडार विरळ असेल तिथे भार उपग्रहावर येतो, आणि मराठवाड्यासाठी माझा सगळा मुद्दा हाच आहे: आणखी बारीक चौकटीपेक्षा आणखी वारंवार दुरुस्तीवर संगणक खर्च करावा. ३चं १.५ किलोमीटर करायला साधारण आठपट गणन लागतं. तेवढ्यात तुम्ही दर तासाची दुरुस्ती आणि पाच-सहा समांतर धावा (सुरुवातीची हवा किंचित बदलून तोच अंदाज पुन्हा काढणं) दोन्ही करू शकता.

दुरुस्तीला काय घालायचं? भूस्थिर उपग्रहाच्या लागोपाठच्या चित्रांत ढग आणि बाष्पाचे ठिपके कसे सरकले यावरून वारा काढतात, तो. तो जमिनीवरही चालतो, कारण ढग हलला की हलला, खाली काळी माती आहे का पाणी याच्याशी त्याला देणंघेणं नाही. दुसरं, बाष्पाच्या पट्ट्याचं प्रारण, जे वरच्या-मधल्या थराचं बाष्प दुरुस्त करतं. तिसरं, ढगाळ जागांचं प्रारण. पूर्वी ढगाळ ठिपके सरळ फेकून द्यायचे, आता मोठ्या केंद्रांनी ते वापरायला सुरुवात करून बरीच वर्षं झाली. पण हे घरी करायला अवघड, पहिल्या वर्षी नादी लागू नका.

मॉडेलची स्वतःची चूक किती धरायची यासाठी एक जुनी युक्ती आहे: एकाच वेळेसाठी केलेला २४ तासांचा आणि १२ तासांचा अंदाज, यांच्यातला फरक महिनाभर साठवायचा आणि त्यावरून काढायचं. म्हणूनच म्हटलं, आधी महिनाभर साधं चालवा. तो महिना फुकट जात नाही.

कालवा_निरीक्षक | सोमवार, रात्री १०:०२

मी जलसंपदामधून निवृत्त, नांदेडला असतो. शेतकऱ्याला त्याचं शेत पाहिजे, ते मान्य. पण आमच्या कामाची नड वेगळी होती आणि ती इथे कुणी मांडली नाही म्हणून लिहितो.

इथल्या विष्णुपुरी धरणाला साठवण लहान, मागचं पाणलोट अवाढव्य. जायकवाडीतून सोडलं, माजलगावातून सोडलं, येलदरी-सिद्धेश्वरचं पूर्णेतून आलं, तर ते कधी पोचणार हे अनुभवाने ठाऊक असतं. वरची धरणं कळवतात. ठाऊक नसतं ते मधल्या मोकळ्या पाणलोटात आत्ता पडणाऱ्या पावसाचं. तो पाऊस कुणाच्या धरणात अडत नाही, थेट नदीत येतो. दरवाजे आधी उघडले तर पाणी वाया गेल्याची ओरड, उशिरा उघडले तर नांदेडच्या काठच्या वस्त्यांत पाणी.

तर प्रश्न असा, की मला गाव नको, मला पाच-सहा तालुक्यांची सरासरी द्या. ती तरी जमते का?

मांजराकाठ | सोमवार, रात्री १०:४४

साहेब, हा या धाग्यातला सर्वात कामाचा प्रश्न.

जमते, आणि गावापेक्षा खूप बरी जमते. मॉडेलची सर्वात नेहमीची चूक जागेची असते. ढग येतो, पाऊसही साधारण तितकाच पडतो, पण पंधरा-वीस किलोमीटर बाजूला. गावाच्या हिशेबात ती दुहेरी चूक धरली जाते: जिथे सांगितला तिथे पडला नाही, जिथे पडला तिथे सांगितला नव्हता. पाणलोटाच्या हिशेबात तो ढग त्याच पाणलोटात पडला असेल तर चूक जवळजवळ शून्य. पालम काय नि गंगाखेड काय, पाणी गोदावरीतच येणार.

त्यात समांतर धावा असतील तर आणखी सोपं. वीस धावांपैकी चौदांत पुढच्या सहा तासांत पाणलोटावर सरासरी ५० मिमीच्या वर, असं काही सांगता आलं, की दरवाजाचा निर्णय घेणाऱ्याला हातात काहीतरी मिळतं. "मुसळधार ते अति मुसळधार" यापेक्षा नक्कीच जास्त.

आणि तुमच्या कामात उपग्रहाचा दुसरा उपयोग: आधीच पडून गेलेला पाऊस. पाऊस मोजणाऱ्या उपग्रहांच्या जीपीएम मोहिमेचा आयएमईआरजी हा संच दर अर्ध्या तासाचा, ०.१ अंश चौकटीचा, आणि त्याची सर्वात लवकरची आवृत्ती साधारण चार तासांत मिळते. नांदेडला पाणी पोचायला लागणारा वेळ त्यापेक्षा जास्त असेल तर उशिरा आलेली माहितीही वेळेवरच आली म्हणायची.

कोरडवाहू | सोमवार, रात्री ११:१०

मग याच आकड्यावर आमचे पंचनामे का करत नाहीत? महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकात ६५ मिमी भरलं तर अतिवृष्टी. मापक मंडळाच्या गावात, शिवार दहा किलोमीटरवर. तिथे ४०, इथे ढगफुटी. पीक गेलं, कागदावर काही नाही. उपग्रह तर सगळीकडे बघतो.

मांजराकाठ | मंगळवार, सकाळी ७:५०

तुमचं दुखणं खरं आहे, पण हे औषध त्यावर चालणार नाही. ०.१ अंश म्हणजे ११ किलोमीटरची बाजू, शंभरावर चौरस किलोमीटर. त्यावरची सरासरी नेहमी बोथट येते. तुमच्या शिवारात ११० आणि बाकी भागात १५ पडला तर उपग्रह सगळ्यालाच ३०-३५ म्हणेल. मंडळाच्या मापकाने निदान ४० तरी दिला. नुकसान शोधायला पाऊस मोजण्यापेक्षा पिकात साचलेलं पाणी बघणारे रडार-उपग्रह बरे, ते ढगातूनही बघतात.

पायथनवाला | मंगळवार, सकाळी ९:२५

तेच विचारणार होतो. निसार हा रडार-उपग्रह ३० जुलै २०२५ला गेला. त्याचा अंदाजाला उपयोग?

मांजराकाठ | मंगळवार, दुपारी २:०५

तासांच्या अंदाजाला थेट नाही. त्याच जागी तो १२ दिवसांनी येतो. पण जमिनीची ओल तो बारकाईने दाखवेल, आणि ती मराठवाड्यात फार महत्त्वाची. काल रात्री पाऊस पडलेल्या पट्ट्यातून सकाळी बाष्प उठतं, शेजारचा कोरडा पट्टा जास्त तापतो, आणि दुपारचे ढग पुष्कळदा या दोन पट्ट्यांच्या शिवेवर उठतात. मॉडेलमध्ये ही ओल सहसा मॉडेलच्याच आधीच्या पावसावरून चालत आलेली असते. काल त्याने पाऊस चुकीच्या तालुक्यात पाडला असेल तर आज ओलही चुकीच्या तालुक्यात, आणि ढगही. २०१५चा एसमॅप उपग्रह ओल मोजतो पण चाळीसेक किलोमीटरच्या ठिपक्यात. मधला दुवा कुणी नीट जोडला तर फरक पडेल असं माझं मत आहे. मत म्हणून घ्या.

एक हळहळ जाता जाता. मेघा-ट्रॉपिक्स हा आपला आणि फ्रान्सचा उपग्रह, १२ ऑक्टोबर २०११चा. विषुववृत्ताशी फक्त २० अंश कललेली कक्षा, त्यामुळे आपला पट्टा त्याच्या फेरीच्या उत्तर टोकाशी यायचा आणि दिवसातून कितीतरी वेळा त्याच्या नजरेखालून जायचा. त्यावरचं सफीर हे उपकरण सूक्ष्मलहरींतून बाष्पाचे सहा थर बघायचं. ध्रुवीय कक्षेतला एकेक उपग्रह दिवसातून दोनदा येतो, तिथे हा पाहुणा सारखा दारात. मार्च २०२३मध्ये त्याला प्रशांत महासागरावर पाडून निरोप दिला. भूस्थिर कक्षेत सूक्ष्मलहरींचं उपकरण अजून कुणी ठेवलेलं नाही, कारण ३६,००० किलोमीटरवरून नीट बघायला प्रचंड अँटेना लागतो. ते होईल तेव्हा ढगाखालचा मराठवाडा सतत दिसेल.

शंकासुर | मंगळवार, दुपारी ३:३०

हे "होईल तेव्हा" मला माहीत होतं येणार म्हणून. :)

२०१९ला कृत्रिम पावसासाठी आमच्या इथे रडार बसवलं होतं. त्याची माहिती पावसाच्या अंदाजालाही वापरायला हवी होती, हे तरी मान्य कराल?

मांजराकाठ | मंगळवार, रात्री ९:०० 

तत्त्वतः शंभर टक्के मान्य. तीनशे-चारशे किलोमीटरच्या पोकळीत एक रडार आलं तर त्याची प्रत्येक फेरी असिमिलेशनला सोन्याच्या मोलाची. आणि उपग्रहाचंही मोल त्याने वाढतं, कारण उपग्रहाचा पाऊस कुठे किती चुकतो हे जागेवर ताडून पाहता येतं.

संपादक | मंगळवार, रात्री ९:४०

कृत्रिम पावसावरचे आणि त्यावरच्या खर्चाचे सहा प्रतिसाद वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. इथे विषयाला धरून राहावे.

कोरडवाहू | मंगळवार, रात्री १०:१५

बरं, मॉडेल राहू द्या. उद्या सकाळी मी स्वतः मोबाईलवर काय बघू, ते सांगा. साध्या भाषेत.

मांजराकाठ | मंगळवार, रात्री १०:५८

सकाळी सातला: जिल्ह्याचा अंदाज आणि परभणी कृषी विद्यापीठाचा सल्ला. त्यात गडगडाट म्हटलं असेल तर तो "तुमच्या शेतात" असं न वाचता "दुपारी आभाळावर लक्ष ठेवायचा दिवस" असं वाचा. मॉडेलचं काम तिथे संपलं.

अकरा-बाराला दृश्य प्रकाशातलं चित्र बघा, ते सर्वात बारीक. कापसाच्या बोंडासारखे सुटे ढग कुठल्या पट्ट्यात आधी उठतायत ते दिसतं. बालाघाटाच्या कडेवर बहुतेक आधी उठतात.

दोननंतर अवरक्त. एकच चित्र बघून काही कळत नाही. लागोपाठची तीन-चार बघा. माथा अर्ध्या तासात झपाट्याने पांढरा होत असेल तर ढग वाढतोय. नुसता पसरतोय पण आणखी पांढरा होत नाही, तर त्याचा जोर ओसरतोय. सरकण्याची दिशा घ्या, तुमच्यापर्यंतचं अंतर घ्या, आणि जागा थोडी दक्षिणेला धरा, मृगाची_सर ताईंना सांगितलं त्या कारणाने. सोबत विजांसाठी दामिनी ॲप उघडं ठेवा. दीड-दोन तासांची सूचना यातून मिळते. बनीम झाकायला तेवढी पुरते का?

कोरडवाहू | मंगळवार, रात्री ११:२०

दोन माणसं असली तर अर्ध्या तासात झाकून होते. ताडपत्री आधी शेतावर नेऊन ठेवायची, एवढंच.

मृगाची_सर | बुधवार, सकाळी ६:५५

सहा किलोमीटरचं गणित काल नववीला दिलं. एकाचं उत्तर साठ आलं, दशांश चिन्ह हरवलं होतं. बाकीच्यांचं साडेपाच ते साडेसहा. आता त्यांना खरी माहिती बघायची आहे. कुठे मिळेल? शाळेतला संगणक जुना आहे.

मांजराकाठ | बुधवार, सकाळी ८:३०

इस्रोच्या अहमदाबाद केंद्राचं मॉसडॅक संकेतस्थळ. नुसती चित्रं बघायला काही लागत नाही, आकड्यांच्या फायली उतरवायच्या तर नोंदणी करावी लागते. फायली एचडीएफ५ प्रकारच्या आणि वजनाने मोठ्या असतात, शाळेच्या जुन्या मशीनवर उघडायला जड जातील. @पायथनवाला, मराठवाड्यापुरता तुकडा कापून साधा तक्ता करून देणारं छोटंसं स्क्रिप्ट ताईंना लिहून द्याल का?

पायथनवाला | बुधवार, सकाळी ८:४७

देतो. ताई, अक्षांश १७.५ ते २०.७, रेखांश ७४.५ ते ७८.३ एवढं कापतो. किनवट, वैजापूर, उमरगा, सोयगाव सगळं येईल. शनिवारपर्यंत इथेच टाकतो.